नखाएवढा माळा

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीकडे गेलो, तेव्हा अंगणात किल्ल्याचं काम जोरात चाललं होतं. बुरूज उभे राहिले होते, अळीव पेरून झाले होते, मावळे अजून डब्यातच होते. माझा भाचा पहिल्या दगडापासून या सगळ्याचा टॅबवर व्हिडिओ काढत होता. आणि नेमका महादरवाजा बसवायच्या वेळी पडद्यावर सूचना आली, की टॅबमध्ये जागा शिल्लक नाही!

संध्याकाळी आम्ही दोघं बाजारात जाऊन ६४ जीबीचं मेमरी कार्ड घेऊन आलो. त्यानं ते करंगळीच्या नखाशी लावून पाहिलं, तळहातावर झेलून पाहिलं आणि विचारलं, "मामा, हे भरलं की जड होईल का रे?"

मी "नाही" म्हणालो खरा. पण "का नाही" हे सांगता सांगता रात्रीचे साडेदहा वाजले. त्या गप्पा आता तुमच्याशी.

आधी कार्डाची मापं घेऊ. पट्टी लावलीत तर लांबी १५ मिलिमीटर, रुंदी ११ आणि जाडी अवघी १. वजन अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. उलटं केलं की आठ सोनेरी पट्ट्या दिसतात. टॅब आणि कार्ड यांचं सगळं बोलणं या आठ पट्ट्यांमधून चालतं. दोन विजेच्या, एक ताल धरायची, एक हुकूम पोचवायची आणि उरलेल्या चार माहितीची ने-आण करायच्या. आणि यात मावतं किती? १९५६ साली आयबीएम कंपनीनं रॅमॅक नावाचा संगणक आणला होता. त्याची माहिती ठेवायचं कपाट टनाहून जड होतं. आत पन्नास मोठाल्या तबकड्या फिरत असत आणि एवढ्या सगळ्यात मावायची सुमारे ५० लाख अक्षरं. तशी बारा हजारांहून जास्त कपाटं आमच्या त्या नखाएवढ्या कार्डात बसतात!

आता अक्षरं बसतात म्हणजे काय? कार्डाला "अ" कळत नाही की "ज्ञ" कळत नाही. त्याला कळतात फक्त दोन आकडे, ० आणि १. युनिकोडच्या नेहमीच्या रीतीनं साठवला तर आपला "अ" असा दिसतो:

१११००००० १०१००१०० १००००१०१

आठ त्रिक चोवीस आकडे. आठ आकड्यांच्या एका गटाला बाइट म्हणतात, म्हणजे "अ"ला लागले तीन बाइट. "श्री" लिहायचं तर श, पाय मोडायची खूण, र आणि दीर्घ वेलांटी अशा चार खुणा लागतात. प्रत्येकीचे तीन बाइट. तीन चोक बारा. नऊ हजारांच्या आसपास ओव्या असलेली अख्खी ज्ञानेश्वरी अशी लिहून ठेवली, तरी ती दोन-अडीच एमबीत बसते. आणि किल्ल्याचा चांगला स्पष्ट व्हिडिओ? तो एका मिनिटाला शंभरेक एमबी खाऊन टाकतो. टॅब भरतो तो चित्रांनी, शब्दांनी नाही.

पण हे ० आणि १ राहतात कुठे? मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात आवडणारी जागा हीच.

कार्डाच्या पोटात सिलिकॉनची चिप असते. तिच्यावर अब्जावधी इवल्या खोल्या असतात. या खोल्यांना दार नाही, खिडकी नाही. चहूबाजूंनी भिंत, तीही काचेच्या जातीच्या पदार्थाची, जिच्यातून वीज एरवी जाऊच शकत नाही. अशा खोलीत इलेक्ट्रॉन कोंडले की झाली एक नोंद. टॅब बंद करा, बॅटरी संपू द्या, कार्ड काढून कंपासपेटीत ठेवा, इलेक्ट्रॉन आतच. बाहेर पडायला वाटच नाही ना!

"मग आत गेलेच कसे?" भाच्यानं लगेच पकडलं.

बरोबर पकडलं. टॅबकडून कार्डाला बहुधा ३.३ व्होल्ट मिळतात. चिप आपल्या पोटातच हा विजेचा दाब वाढवत वीस व्होल्टच्या आसपास नेते. भिंत इतकी पातळ, की एका मिलिमीटरचे एक लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढीच तिची जाडी. इतकी पातळ भिंत आणि इतका दाब असला की इलेक्ट्रॉन भिंतीच्या अलीकडचा पलीकडे सापडतो. भिंतीला भोक पडत नाही. तो वरून उडीही मारत नाही. किल्ल्याला चोरदरवाजा असतो, तसलंही काही इथे नाही. अलीकडे होता, पलीकडे आहे, बस! शास्त्रज्ञ याला क्वांटम टनेलिंग म्हणतात. आपल्या रोजच्या जगात चेंडू भिंतीपलीकडे असा कधीच जात नाही. पण इलेक्ट्रॉनच्या जगाचे कायदे वेगळे आहेत आणि तुमच्या टॅबमधला प्रत्येक फोटो त्या कायद्यांच्या भरवशावर टिकून आहे.

ही कोंडून ठेवायची खोली १९६७ साली सुचली. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डॉवन कांग आणि सायमन झी हे दोघं काम करत होते. एक कोरियात जन्मलेला, दुसरा चीनमध्ये. जेवणानंतर थरांचा चीजकेक खाताना त्यांना वाटलं, आपल्या ट्रान्झिस्टरमध्येही, म्हणजे चिपवरच्या विजेच्या इवल्या बटणातही, असा एक जादा थर घातला तर? ही गोष्ट झी यांनीच पुढे सांगितली आहे. तो जादा थर म्हणजेच आपली खोली. गोव्याची बेबिंका ज्यांनी खाल्ली असेल, त्यांना थरावर थर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आता एक गंमत. वाचताना टॅब ही खोली उघडत नाही. खोलीखालून विजेची एक वाट जाते. आत इलेक्ट्रॉन कोंडलेले असले तर त्या वाटेवरून वीज सहज जात नाही, तेव्हा वाचायचा ०. आत कोणी नसेल तर वीज सरळ जाते, तेव्हा वाचायचा १. म्हणजे भरलेली खोली ० आणि रिकामी खोली १! पूर्ण पुसलेली चिप म्हणजे ओळीनं मांडलेले नुसते एकच एक.

पुढे लोकांच्या लक्षात आलं, की "आहे" आणि "नाही" एवढंच कशाला पाहायचं? एकाच खोलीत गर्दी किती आहे, याच्या आठ पातळ्या ओळखता आल्या तर? आठ पातळ्या म्हणजे तीन आकडे, कारण ००० पासून १११ पर्यंत बरोबर आठच तिकड्या होतात. करून बघा. आजच्या पुष्कळशा कार्डांत एका खोलीत असे तीन-तीन आकडे राहतात. आणि खोल्या दाटीवाटीनं शेजारी मांडून जागा संपली, तेव्हा मजले चढले. २०१३ साली सॅमसंग कंपनीनं २४ मजल्यांची चिप बनवायला घेतली. आता शंभराहून जास्त मजल्यांच्या चिपा बनतात आणि तरीही कार्डाची जाडी तीच, एक मिलिमीटर.

तीन आकड्यांचा हिशेब धरला तर ६४ जीबीला १७ हजार कोटींच्या वर खोल्या लागतात. जगातल्या प्रत्येक माणसाला वीस-वीस वाटल्या तरी उरतील!

भाचा यावर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण वजन?"

हां, वजन. इलेक्ट्रॉन कार्डात साठून वाढत नाहीत. एका वाटेनं जेवढे आत येतात, तेवढे दुसऱ्या वाटेनं बाहेर जातात. कार्डात असलेले फक्त जागा बदलतात. दिवाणखान्यात बसलेली माणसं उठून माजघरात गेली, म्हणून काही घर जड होत नाही. सोनाराच्या काट्यावर ठेवलंत, तरी कोरं कार्ड आणि भरलेलं कार्ड सारखंच भरेल.

लिहिण्यापेक्षा पुसणं अवघड आहे, हे ऐकून त्याला नवल वाटलं. पाटीवर एक अक्षर चुकलं तर आपण बोटानं तेवढंच पुसतो. इथे तसं चालत नाही. पुसायची तर अख्खी पाटी पुसायची, म्हणजे खोल्यांचा एक मोठा गट एकदम रिकामा करायचा. ही सोय शोधली जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी. १९८४ मध्ये त्यांनी ती जगापुढे मांडली. एका झटक्यात सगळं पुसलं जातं हे पाहून शोजी आरिइझुमी या त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, आणि नाव पडलं फ्लॅश मेमरी. १९८७ मध्ये मासुओकांनी तिचा आणखी दाटीनं बसणारा प्रकार मांडला. आपल्या कार्डात आहे तो हाच. टॅबच्या स्वतःच्या साठ्यातही हाच असतो. जगभरच्या खिशांत, दप्तरांत आज त्यांचा शोध आहे आणि त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत आहे. तुम्ही ते लक्षात ठेवा.

मग पाटीवरचं एकच वाक्य नको असेल तर? त्यासाठी कार्डात एक छोटा कारभारी बसवलेला असतो. तो हवं ते आधी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवून घेतो आणि मग सवडीनं जुनी पाटी पुसतो. शिवाय इलेक्ट्रॉन ये-जा करताना भिंत दर वेळी किंचित दुखावते, म्हणून एकाच खोलीवर फार ताण येऊ नये याची काळजीही तोच घेतो. आज इथे लिही, उद्या तिथे. हे सगळं त्या नखाएवढ्या जागेत, आपल्याला पत्ता न लागता.

म्हणूनच चालू टॅबमधून कार्ड ओढून काढू नका. कारभारी नेमका सामान हलवत असेल तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे आणि यादी अपुरी! आधी सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोरेजमधून कार्ड काढण्याची आज्ञा द्या, मग बोट लावा.

आम्ही कार्ड बसवलं ते पिनेनं ट्रे बाहेर काढून. ज्या टॅबला अशी खाच असते त्यालाच हे जमतं. आयपॅडला ती नसतेच. पहिल्यांदा कार्ड घातलं की काही अँड्रॉइड टॅब विचारतात, हे कार्ड फिरतं ठेवायचं की टॅबचाच भाग करायचं? फिरतं ठेवलं तर ते काढून दुसऱ्या टॅबमध्ये घालता येतं. टॅबचाच भाग केलं तर माहिती गुप्त लिपीत लिहिली जाते आणि तिची किल्ली त्याच टॅबकडे राहते. दुसरीकडे ते कार्ड वाचताच येत नाही. भाच्याला किल्ल्याचा व्हिडिओ आजोबांना दाखवायचा होता, तेव्हा आम्ही फिरतं ठेवलं. फोटो, गाणी, व्हिडिओ यांसाठी मला तरी तेच बरं वाटतं.

"आता गेम पण जोरात पळेल ना?" नाही रे बाबा. आई स्वयंपाक करते तो ओटा वेगळा आणि वरचा माळा वेगळा. माळा मोठा केला म्हणून ओटा रुंद होत नाही. टॅबची चालू कामाची जागा, म्हणजे रॅम, हा ओटा आणि कार्ड म्हणजे माळा. माळ्यावरून वस्तू काढायला तर थोडा जास्तच वेळ लागतो. कार्डाचा वेग जाणून घ्यायचा तर त्यावर छापलेला १० किंवा ३० हा आकडा पाहा. सलग लिहिताना सेकंदाला निदान तेवढे एमबी लिहून होतील, याचं ते वचन असतं.

कधी कधी माळ्यावर भरपूर जागा असूनही एखादा मोठा सिनेमा कार्ड घेतच नाही. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर फाइलची लांबी लिहायला ३२ घरं ठेवलेली असतात. प्रत्येक घरात ० किंवा १. अशा ३२ घरांत मावणारा सर्वांत मोठा आकडा आहे ४,२९,४९,६७,२९५. त्याहून एक बाइट जास्त झाला, की तो आकडा लिहायला घरच उरत नाही. ६४ जीबी आणि त्यापुढची कार्डं दुसऱ्या पद्धतीनं आखलेली असतात, तिथे ही अडचण येत नाही.

आणि एक मनापासून सांगतो. मी एकदा रस्त्यावरच्या गाडीवरून ५१२ जीबी लिहिलेलं कार्ड अगदी स्वस्तात घेतलं होतं. सहलीचे फोटो त्यावर टाकले. नावं सगळी दिसत होती, उघडत मात्र पहिलेच थोडे. अशा कार्डातला कारभारी खोटं बोलायला शिकवलेला असतो. खोल्या थोड्या, सांगायच्या पुष्कळ. जागा संपली की नवं सामान सरळ टाकून द्यायचं, किंवा जुन्याच्या उरावर लिहायचं. ते फोटो मला परत मिळाले नाहीत. तुमचं तसं होऊ देऊ नका. खात्रीच्या दुकानातून पावती घेऊन कार्ड घ्या. आजीनं सांगितलेली गोष्ट, बहिणीचं पहिलं पाऊल, असलं काही एकट्या कार्डावर सोडू नका. त्याची एक प्रत घरच्या संगणकावरही ठेवा.

दुसऱ्या दिवशी महादरवाजा बसला, व्हिडिओही झाला. निघताना भाच्यानं वहीत केलेला हिशेब मला दाखवला: "श्री"चे १२ बाइट, म्हणजे ९६ आकडे, एका खोलीत तीन म्हणजे ३२ खोल्या. बरोबर आहे! कार्डं चुका दुरुस्त करायला काही जादा खुणा ठेवतात, त्या यात धरलेल्या नाहीत. म्हणजे आपल्या लिपीतल्या प्रत्येक खुणेला बरोबर आठ खोल्या पडल्या. अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातली पाय मोडायची खूण, सगळ्यांना तेवढ्याच. आता वही घ्या आणि तुमचं संपूर्ण नाव राहायला किती खोल्या लागतात, ते मोजा.