केस नसलेला कुंचला

हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानाकडे रोज सकाळी धावणाऱ्या बसगाड्यांतून जी तरुण मुले-मुली उतरतात, ती सर्वच संगणकाच्या आज्ञावली लिहिणारी असतात, असा बाहेर सार्वत्रिक समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. मोबाइलवर आपण ज्या चिन्हावर बोट ठेवतो, बँकेच्या ॲपमध्ये जे लहानसे चित्र पाहून आपल्याला व्यवहार पूर्ण झाल्याचे समाधान मिळते, ते प्रत्येक चित्र कोणीतरी काढलेले असते. या तरुणांपैकी काहींच्या पाठीवरील पिशवीत एक पातळ काळी पाटी आणि एक पेन असते. पाटीवर शाई उमटत नाही, पेनाला टोकदार निब नसते; तथापि तोच त्यांचा कागद आणि तोच त्यांचा कुंचला.

व्यापारी घरातील मुलगा अथवा मुलगी अशा पाटीसाठी हट्ट धरते, तेव्हा वडिलधाऱ्यांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. संगणकच चित्र काढणार असेल, तर यात मुलाचे कर्तृत्व ते काय? आणि या खर्चाचा परतावा कोणता? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचे उत्तर देण्यापूर्वी हा केस नसलेला कुंचला मुळात आहे तरी काय, हे समजून घेणे इष्ट होय.

ठशांची ओळ

संगणकाच्या पडद्यावर रंगवण्याची कल्पना पन्नास वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी १९७३ मध्ये ‘सुपरपेंट’ ही प्रणाली चालवून दाखविली. १९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकासोबत बिल ॲटकिन्सन यांचे ‘मॅकपेंट’ घराघरांत पोहोचले. थॉमस आणि जॉन नॉल या बंधूंनी रचलेल्या ‘फोटोशॉप’ची पहिली आवृत्ती ॲडोबी कंपनीने १९९० मध्ये बाजारात आणली. ‘पेंटर’ नावाचे सॉफ्टवेअर तर सुरुवातीस खऱ्या रंगाच्या डब्यात घालून विकले जात असे.

या सर्वांत कुंचल्याचे तत्त्व एकच आहे. पडद्यावरील रेघ ही वस्तुतः सलग रेघ नसते. ती एकामागून एक उमटलेल्या ठशांची ओळ असते. रांगोळीचा छाप जसा उंबऱ्यावर पुनःपुन्हा दाबत न्यावा, तसा हा प्रकार. ठसे जवळजवळ पडले की डोळ्याला रेघ दिसते, दूर पडले की ठिपक्यांची माळ. फोटोशॉपच्या साध्या कुंचल्यात दोन ठशांमधील अंतर ठशाच्या व्यासाच्या २५ टक्के ठरविलेले असते. ते वापरणाऱ्याला हवे तसे बदलता येते. ठसा गोल असेल, चपटा असेल, पिंपळपानाच्या आकाराचा असेल किंवा खडूने घासलेल्या भिंतीसारखा खरखरीतही असेल.

ठशाला पुढे नियम जोडले जातात. पेन जोराने दाबले तर ठसा मोठा व्हावा की गडद व्हावा, पेन तिरके धरले तर तो फाकावा की नाही, कडा मऊ असावी की कातीव, हे सर्व आधी ठरवून ठेवता येते. जपानमधील वॅकॉम कंपनीच्या पेनांत बॅटरीही नसते. पाटीतील विद्युतचुंबकीय क्षेत्रातूनच पेनाला शक्ती मिळते, आणि आजच्या चांगल्या पेनांत दाबाच्या ८,१९२ पायऱ्या ओळखल्या जातात. माऊसला मात्र दाब कळत नाही. म्हणून माऊसने काढलेली रेघ प्रथमपासून अखेरपर्यंत एकाच जाडीची आणि निर्जीव दिसते.

नवशिक्यांना सर्वाधिक गोंधळात पाडणाऱ्या दोन कळी म्हणजे अपारदर्शकता आणि प्रवाह. व्यापारी वाचकांना हा भेद एका परिचित दाखल्याने सहज उमगेल. अपारदर्शकता ही बँकेने मंजूर केलेली कॅश क्रेडिटची मर्यादा आहे आणि प्रवाह ही प्रत्येक वेळची उचल. लहान लहान उचल करत, एकाच फटकाऱ्यात तोच भाग पुनःपुन्हा घासला, तर रंग हळूहळू गडद होत जातो. पण पेन पाटीवरून उचलेपर्यंत तो मंजूर मर्यादेपलीकडे जात नाही. पेन उचलून नवा फटकारा मारला, की जणू नवे खाते उघडते.

तेव्हा या कुंचल्यात केसांची जागा नियमांनी घेतली आहे. नियम संगणक पाळतो. परंतु कोठे दाबावे, कोठे सोडावे, नाकाच्या कडेची सावली किती मऊ ठेवावी, हा निर्णय हाताचाच राहतो. ज्याला कागदावर हाताचा पंजा काढता येत नाही, त्याला पडद्यावरही तो काढता येत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते.

मोटारीपासून मोडीपर्यंत

हिंजवडीच्या परिसराला या कलेची गरज केवळ मोबाइलच्या चिन्हांसाठी नाही. एका बाजूस पिंपरीत टाटा मोटर्स, पलीकडे आकुर्डीत बजाज, त्यापुढे चाकणचा मोटारपट्टा, आणि खुद्द हिंजवडीत अभियांत्रिकी व आरेखन सेवा देणाऱ्या टाटा टेक्नॉलॉजीजचे मुख्यालय. नव्या गाडीचे यंत्र पुढे बनते. आधी तिचे रूप रेखाटावे लागते. पत्र्यावरून सरकणारा प्रकाश पूर्वी एअरब्रशने फवारून दाखवीत. आता ते काम मऊ कडेचा संगणकीय कुंचला करतो. ‘स्केचबुक’ हे आज मुलांच्याही टॅब्लेटवर दिसणारे चित्रकलेचे सॉफ्टवेअर कॅनडातील एलियास या कंपनीने तयार केले. मोटारींच्या आरेखनकारांसाठीची साधनेही ती कंपनी बनवीत असे.

मराठी माणसाने यात एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी, ती म्हणजे बोरूचा कोन. देवनागरी आणि मोडी बोरूने लिहिली गेली. देवनागरीसाठी बोरूच्या टोकाला रोमन लिपीच्या उलट दिशेने तिरका छेद देतात. त्यामुळे रोमन अक्षरांत ज्या तिरप्या दिशेची रेघ जाड येते, ती देवनागरीत बारीक येते आणि बारीक येते ती जाड. सॉफ्टवेअरसोबत मिळणारे सुलेखनाचे बहुतेक तयार कुंचले रोमन लिपी मनात धरून केलेले असतात. त्यांनी ‘श्री’ लिहिला की अक्षर ओळखू तर येते, पण कोणीतरी परकीयाने लिहिल्यासारखे वाटते.

यावरील उपाय अगदी सोपा आहे. कुंचल्याची गोलाई कमी करून टोक चपटे करावे आणि त्याचा कोन फोटोशॉपमध्ये ४५ अंशांऐवजी उणे ४५, म्हणजेच १३५ अंशांवर आणावा. एवढ्या एका बदलाने पडद्यावरचा कुंचला बोरू होतो. दुकानाची पाटी, मसाल्याच्या पुडीवरचे नाव, लग्नपत्रिका अथवा दिवाळीच्या वहीपूजनाचे निमंत्रण यांवरची अक्षरे घरचीच वाटू लागतात. ‘मंगल’ हा विंडोज संगणकांवरील सुपरिचित देवनागरी टंक आरेखित करणारे र. कृ. जोशी हे मूळचे सुलेखनकार होते, आणि २०२५ मध्ये पद्मश्रीने गौरविलेले अच्युत पालव यांची कीर्तीही बोरू-कुंचल्याच्या अक्षरांतूनच झाली. हात आधी, यंत्र नंतर, हा क्रम येथेही सुटलेला नाही.

कुंचल्याच्या केसांचा हिशेब

आता ज्या बाबीकडे जैन वाचकाचे लक्ष आपोआप जाईल, तिचा विचार करू. पाटण, खंभात, जैसलमेर येथील ज्ञानभांडारांत जतन केलेल्या सचित्र कल्पसूत्राच्या पोथ्या हा आपल्या समाजाने चित्रकलेला दिलेला मोठा आश्रय होय. लाल-निळ्या पार्श्वभूमीवरील त्या आकृती, त्यांचे चेहऱ्याबाहेर डोकावणारे डोळे आणि सोन्याची शाई यांचे कौतुक जगभरच्या संग्रहालयांत होते. परंतु भारतीय लघुचित्रांच्या एकूण परंपरेत बारीक रेघेचा कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा असे, हेही तितकेच खरे. पाश्चात्त्य चित्रकारांचा नावाजलेला ‘सेबल’ कुंचलाही एका लहान प्राण्याच्या शेपटीच्या केसांचाच असतो.

आपल्याकडे याहून गंभीर प्रकार मुंगुसाच्या केसांचा आहे. मुंगूस वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित प्राणी आहे. त्याची शिकार करणे आणि त्याच्या केसांचे कुंचले बनविणे, विकणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. केस मिळविण्यासाठी मुंगुसाला मारले जाते. एका प्राण्यापासून कुंचल्याच्या कामाचे जेमतेम वीस ग्रॅम केस मिळतात. म्हणजे एका किलोमागे सुमारे पन्नास जीव. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने अनेक राज्यांत धाडी घातल्या. उत्तर प्रदेशातील शेरकोट हे कुंचल्यांच्या कारागिरीचे गाव त्या वेळी विशेष चर्चेत आले. पन्नास हजारांहून अधिक कुंचले आणि शंभर किलोंहून अधिक कच्चे केस हाती लागले. वर दिलेल्या प्रमाणाने याचा गुणाकार वाचकांनीच करावा.

लेखनसाहित्याचा आणि रंगसाहित्याचा व्यापार आपल्या समाजातील कित्येक घरांत आहे. त्यांनी घाऊक माल घेताना कुंचला कृत्रिम तंतूचा आहे याची लेखी खात्री बिलावर घ्यावी, हे कायद्याच्या दृष्टीनेही आवश्यक आहे आणि व्रताच्या दृष्टीनेही. आजचे नायलॉनचे कुंचले उत्तम प्रतीचे मिळतात. पडद्यावरचा कुंचला तर याही पलीकडे जातो. ॲडोबीने २०१७ मध्ये ऑस्लोच्या मुंक संग्रहालयाच्या साहाय्याने चित्रकार एडवर्ड मुंक यांच्या जपून ठेवलेल्या सात जुन्या कुंचल्यांची संगणकीय रूपे तयार करवून घेतली. मूळ कुंचले पेटीत राहिले, त्यांची चाल मात्र जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हातात आली. पुढील प्रत्येक प्रतीसाठी एकही केस लागला नाही.

अर्थात हे साधन सर्वथा निर्दोष आहे, असे म्हणणे धारिष्ट्याचे होईल. संगणकाला वीज लागते, त्याचे धातू खाणीतून येतात आणि जुनी यंत्रे कचरा होतात. म्हणून दर दोन वर्षांनी नवी पाटी घेण्यापेक्षा असलेली नीट वापरणे, हाच अपरिग्रहाला धरून असणारा मार्ग.

परतावा आणि पावती

राहिला दुसरा प्रश्न, खर्चाचा. पडदा नसलेली पेन टॅब्लेट काही हजार रुपयांत येते. पडद्यासह असणारीला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. सुरुवात पहिलीने करावी. हात पाटीवर आणि नजर पडद्यावर, ही सवय दोन-तीन आठवड्यांत जडते.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र अनेक सुशिक्षित घरांतही एक चूक सहजपणे होते. दुकानाच्या संगणकावर कोणीतरी ओळखीचा तंत्रज्ञ फोटोशॉपची चोरटी प्रत टाकून देतो आणि लेबले, जाहिराती, दरपत्रके तिच्यावर वर्षानुवर्षे बनत राहतात. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार संगणक प्रणालीची अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापारी लाभासाठी वापर झाला नसेल तर न्यायालय सवलत देऊ शकते. दुकानातील वापराला ती सवलत नाही. कायदा बाजूस ठेवला तरी प्रश्न उरतोच. जे घर उधारीचा रुपया चुकवत नाही, त्याने दुसऱ्याच्या श्रमाची किंमत चुकवावी काय? अचौर्य हे व्रत केवळ तिजोरीपुरते नाही.

शिवाय चोरीची गरजच उरलेली नाही. ‘जिंप’ हे सॉफ्टवेअर स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केले आणि ते आजही विनामूल्य आहे. त्याची तिसरी मोठी आवृत्ती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘क्रिता’ हे तर खास चित्रकारांसाठीच केलेले आहे. स्वीडिश भाषेत त्या शब्दाचा अर्थ खडू. दोन्ही मोकळ्या परवान्याची असून व्यवसायातही निर्धास्त वापरता येतात. इंटरनेटवरून उतरवलेल्या तयार कुंचल्यांचा परवाना मात्र वाचून पाहावा; काही कुंचले केवळ खासगी वापरासाठी मोफत असतात, विक्रीच्या मालावरील चित्रासाठी नव्हे.

म्हणून मुलाने अथवा मुलीने पाटी मागितल्यास नकार देण्याची घाई करू नये, आणि होकार देताना एक अट जरूर घालावी. सहा महिने रोज अर्धा तास कागदावर पेन्सिलने रेखाटन, आणि त्यासोबत दुकानाच्या एका वस्तूचे लेबल स्वतःच्या हाताने, स्वतः घडविलेल्या कुंचल्याने, परवान्याच्या सॉफ्टवेअरवर तयार करणे. ते लेबल पुडीवर छापले गेले, ग्राहकाने ते हातात घेऊन दुकानाचे नाव वाचले, की खर्चाचा पहिला हप्ता फिटला असे समजावे. बाकीचा हिशेब मुलाच्या हाताला जसजसे वळण लागेल, तसतसा वह्यांत आपोआप जमेच्या बाजूस उतरत जाईल.