ठिणगी आणि लगाम

खडकाळ माळावर, वाळूंत आणि चिखलांत धांवविण्यासाठीं बनविलेल्या हलक्या मोटारसायकलीला ‘डर्ट बाइक’ म्हणतात. घरांतील तरुणानें अशी टू-स्ट्रोक गाडी घेतली, कीं वडील माणसें तिचा वेग विचारतात. विचारावयाचें असतें तें निराळेंच: पेट्रोल पेटविणारा स्पार्क प्लग कोणता, आणि गाडी आवरणारे ब्रेक पॅड कोणते? दोन्ही वस्तु मुठींत मावतील एवढ्या लहान. परंतु पहिलीची निवड चुकली तर इंजिन जातें, दुसरीची चुकली तर स्वाराच्या जिवावर बेततें. या दोन्ही निवडींत हिशेब करावयाचा तो उष्णतेचा.

प्रथम प्लग घेऊं. फोर-स्ट्रोक इंजिनांत दर दोन फेऱ्यांना एकदां ज्वलन होतें. टू-स्ट्रोकमध्यें तें प्रत्येक फेरीला होतें. मिनिटाला ९,००० फेऱ्या धरल्या, तर सेकंदाला १५० ज्वलनें झालीं. शिवाय वंगणाचें तेल पेट्रोलांतच मिसळलेलें असल्यानें तेंही जळतें. प्लगाचें टोंक सुमारें ५०० अंश सेंटिग्रेडहून थंड राहिलें, तर त्यावर काजळी सांचून ठिणगी पडेनाशी होते. तें ८५० अंशांच्या पुढें गेलें, तर मिश्रण ठिणगीची वाट न पाहतां त्या तप्त टोंकानेंच पेटतें, आणि पिस्टनला भोंक पडूं शकतें.

उष्णता लवकर सोडणाऱ्या प्लगाला ‘थंड’ आणि धरून ठेवणाऱ्याला ‘गरम’ म्हणतात. हा गुण त्याच्या नांवांतच असतो. एनजीकेचा ‘बीआर८ईएस’ घ्या. ‘बी’ म्हणजे आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडिओंत खरखर येऊं नये म्हणून बसविलेला रोधक. ‘८’ हा उष्णतेचा क्रमांक. आणि ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. येथें आंकडा वाढला कीं प्लग अधिक थंड. बॉश व चँपियन यांची रीत नेमकी उलटी. म्हणून आंकडा जुळला म्हणजे प्लग जुळला, असें समजूं नये. लांबीही अचूक हवी, नाहीं तर पिस्टन प्लगावर आदळेल. गाडीच्या पुस्तिकेंतील क्रमांकापासून आरंभ करावा, आणि एका पायरीहून अधिक सरकूं नये. वापरलेल्या प्लगाचें टोंक तपकिरी असलें तर निवड ठीक. तें काळें व ओलें किंवा पांढरें फटक दिसलें, तर प्लग बदलण्यापूर्वीं कार्ब्युरेटर तपासावा.

आतां ब्रेककडे वळूं. फोर-स्ट्रोक गाडीची मूठ सैल सोडली, कीं इंजिनच तिला आवरूं लागतें. टू-स्ट्रोकमध्यें हा आवर फार थोडा. उतारावरील बहुतेक भार पॅडवर पडतो, आणि गाडीची गति तेथें उष्णतेंत पालटते. राळेनें बांधलेले ‘ऑरगॅनिक’ पॅड मऊपणें धरतात व तबकडी कमी झिजवितात. पण फार तापल्यास त्यांची पकड मंदावते आणि चिखलांत ते लवकर संपतात. धातूची पूड दाबून व तापवून एकजीव केलेले ‘सिंटर्ड’ पॅड उष्णता, पाणी व चिखल सोसतात. मात्र तबकडीला ते कठोर. कोरड्या मैदानावर शिकणाऱ्यास पहिले पुरतात. पावसाळ्यांत व लांब उतारांवर दुसरेच घ्यावे. एका ब्रेकचे दोन्ही पॅड एकदम बदलावे, आणि तेल लागलेले पॅड पुन्हां वापरूं नयेत.

नवे पॅड बसवितांना ब्रेकचे पिस्टन मागें सारलेले असतात. त्यामुळें पहिला दाब पोकळ जातो. म्हणून गाडी जागची हलविण्यापूर्वीं लिव्हर घट्ट लागेपर्यंत पुनःपुन्हां दाबावा. नंतर मोकळ्या जागीं हलके हलके ब्रेक लावून पॅड व तबकडी यांचे पृष्ठभाग जुळूं द्यावे, आणि मगच उताराची वाट धरावी.