विजेने चढणारा रंग

खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी नळांतून खाली आलं आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. पुढे याच खालापूर पट्ट्यात पोलादाचे, पत्र्याचे कारखाने उभे राहिले. इथल्या पावसात उघडं लोखंड टिकत नाही. डोणवतच्या उत्तम गॅल्वा कंपनीचा धंदाच पत्र्याला जस्त चढवण्याचा होता. मोटारीच्या बॉडीच्या पोकळ्यांत मात्र ब्रश किंवा स्प्रे पोचत नाही. तिथे सीईडीची, म्हणजे बॉडी ऋण टोकाला जोडून विजेने रंग चढवण्याची, टाकी लागते.

टाकीत बहुतांश पाणीच. त्यात तरंगणाऱ्या एपॉक्सी रेझिनला आम्लाने धन प्रभार दिलेला असतो. बॉडी ऋण टोकाला जोडून दोन-चारशे व्होल्ट दिले की रेझिन तिच्याकडे ओढलं जातं. धातूपाशी पाण्याचं विघटन होऊन अल्क तयार होतं, रेझिनचा प्रभार जातो आणि ते जागीच घट्ट बसतं. खरी गंमत पुढे आहे. जिथे थर बसला तिथे वीज अडते, मग ती उघड्या जागा शोधत कोपऱ्याकोपऱ्यात शिरते. दोन-तीन मिनिटांत सुमारे २० मायक्रॉनचा थर होतो. मग धुवायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं.

विजेने पाण्यातले मातीचे कण सरकतात, हे रॉइस या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॉस्कोत पाहिलं होतं. मोटारी रंगवण्यासाठी हे तत्त्व वापरात आणलं फोर्डच्या जॉर्ज ब्रूअरने, १९६०च्या दशकात. तेव्हा बॉडी धन टोकाला असे आणि लोखंडच थोडं विरघळे. सत्तरच्या दशकात टोकं उलटली.

आता रेझिनसोबत सिलिका किंवा मातीचे नॅनोकणही बसवतात. पाण्याला धातूपर्यंत वळसे घेत जावं लागतं, गंज लांबतो. कण जास्त झाले तर गुठळ्या होतात, थर सच्छिद्र होतो. टाकी सतत ढवळावी लागते, सुट्टीतही; म्हणून पंपाला जनरेटर हवाच. जाहिरातीत ‘नॅनो’ मोठ्या अक्षरांत असतं. मी आधी फॉस्फेटिंग (रंगाआधी पत्र्यावर फॉस्फेटचा थर देणं) आणि धुलाई कशी होते ते विचारीन. तेलकट पत्र्यावर कुठलाच कण टिकत नाही.

हीच पद्धत हाडातल्या टायटॅनियम रोपणांवरही वापरून पाहतात. तिथे पॉलिमर असतो कायटोसान, कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून काढलेला, आणि कण हाडातल्याच खनिजाचे. व्होल्टेज मात्र थोडंच ठेवतात. वाढवलं की हायड्रोजनचे बुडबुडे थराला भोकं पाडतात. त्यावर उपाय म्हणून काही जण वीज सलग न देता थांबून थांबून देतात.