एका हंगामाची आमदारकी

जव्हार-मोखाड्यात शेतीचा हंगाम एकच. पावसावर भात, नागली, वरई घ्यायची आणि खळं उरकलं की बिऱ्हाड बांधून ‘जगायला’ बाहेर पडायचं. दुबार पिकाला पाणी पुरेल अशी रानं थोडी. गेली पंधरा वर्षं इथली आमदारकीही तशीच चालली आहे. दुसऱ्यांदा कुणाचीच पिकली नाही.

मतदारसंघांच्या पुनर्रचनेत जव्हारचं नाव पुसलं गेलं, हा भाग विक्रमगड मतदारसंघात आला आणि २००९ साली तिथून भाजपचे चिंतामण वनगा निवडून आले. मुदत संपायच्या आत, मे २०१४ मध्ये ते लोकसभेवर गेले. ऑक्टोबरात त्यांच्या जागी आले विष्णू सवरा, आणि आमदारकीबरोबर आदिवासी विकासमंत्री व पालकमंत्रीही झाले. पालघर जिल्हाही त्याच वर्षीच्या १ ऑगस्टचा, नवाकोरा. आपलाच आमदार, आपलंच खातं. आता मागायचं तरी काय?

पण कणगीतली नागली मंत्रिपद बघून टिकत नाही. आषाढ-श्रावणात ती तळाला जाते, रोजगार हमीचं काम बंद असतं आणि लेकरं वाळू लागतात. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी हे साऱ्या महाराष्ट्राला दाखवलं होतं. २०१६ च्या पावसाळ्यात मोखाड्यात पुन्हा मुलं दगावली. सप्टेंबरात सवरा तिथल्या खोच गावी गेले, तेव्हा लोकांचा राग त्यांना समोरासमोर सोसावा लागला. माझ्या मते त्यांची आमदारकी त्याच दिवशी संपली. मंत्रिपद जून २०१९ मध्ये गेलं, तो नुसता कागद. त्या ऑक्टोबरात त्यांचे चिरंजीव हेमंत उभे राहिले आणि राष्ट्रवादीच्या सुनील भुसारांकडून हरले.

मतदानाच्या तारखा मात्र बघण्यासारख्या आहेत: १३ ऑक्टोबर, १५ ऑक्टोबर, २१ ऑक्टोबर. तिन्ही वेळा भात कापणीला आलेलं. विळा बांधावर ठेवायचा, बोटाला शाई लावून यायचं आणि उरलेला वाफा कापायचा. २०२४ ला तारीख पडली २० नोव्हेंबर. दिवाळी होऊन गेलेली. वीटभट्टीवाल्याची उचल घेतलेल्या घरांना तोवर टेम्पो न्यायला येऊ लागतात. कुडाच्या दाराला दोरी बांधलेली असते, अंगणात म्हातारी आणि कोंबड्या. त्या मतदानात भुसारा पडले आणि भाजपचे हरिश्चंद्र भोये आले. हेमंत सवरा तोवर खासदार झाले होते.