राल्फ बेअर यांचा तपकिरी खोका

राल्फ बेअर 6 डिसेंबर 2014 रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावी, वयाच्या 92 व्या वर्षी गेले. घरच्या टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम पहिल्यांदा प्रत्यक्षात आणला तो त्यांनी. 2019 मध्ये त्याच गावातल्या आर्म्स पार्कात त्यांचा बाकावर बसलेला कांस्यपुतळा बसवला गेला. मला मात्र हौशी मंडळींची आदरांजली जास्त मोलाची वाटते. ही मंडळी बेअर यांचं यंत्र खोलतात, दुरुस्त करतात, चालतं ठेवतात आणि कुणी तर सुट्या भागांतून ते नव्याने उभं करतात.

हे जमतं, कारण यंत्राची घडणच तशी आहे. मॅग्नाव्हॉक्स कंपनीने 1972 मध्ये बाजारात आणलेल्या या ‘ओडिसी’त मायक्रोप्रोसेसर नाही, मेमरी नाही. आहेत ते ट्रान्झिस्टर, डायोड, रेझिस्टर आणि कपॅसिटर, सगळे सुटे आणि डोळ्यांना दिसणारे. त्यांच्या जोरावर पडद्यावर दोन खेळाडूंचे दोन पांढरे चौकोन, चेंडूचा एक ठिपका आणि एक उभी रेघ उमटते. आवाज नाही. गुणही खेळणाऱ्यांनीच मांडायचे. पडद्याच्या काचेवर रंगीत पारदर्शक प्लास्टिक चिकटवलं की काळ्या पडद्यावर टेनिसचं मैदान तयार होतं. खेळ बदलायचा तर यंत्रात खोचलेलं कार्ड बदलायचं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्ही गेमच्या कॅसेट मिळत, त्यांच्या चिपमध्ये अख्खा खेळ भरलेला असे. ओडिसीच्या कार्डात काहीच भरलेलं नसतं. ते आतल्या सर्किटच्या जोडण्या तेवढ्या बदलतं. म्हणूनच हौशी लोक आजही घरी नवं कार्ड बनवून या यंत्रासाठी नवा खेळ रचू शकतात.

दुरुस्तीत चिकाटी लागते. खेळाडूच्या हातातल्या खोक्याची बटणं इतक्या वर्षांत कुरकुरायला लागलेली असतात, ती फिरवली की ठिपका थरथरतो. कार्डाच्या कडेचे संपर्क काळवंडतात. हरवलेल्या प्लास्टिक चित्रांच्या प्रती काढून पारदर्शक कागदावर छापाव्या लागतात आणि ती चिकटवायला जुना, पिक्चर ट्यूबवाला टीव्ही शोधावा लागतो. आजच्या रुंद सपाट पडद्यावर त्या चित्रांचं मापच बसत नाही.

बेअर यांना हे सारं आपलंच वाटलं असतं, असं मी खात्रीने म्हणतो. ते मूळचे जर्मनीतले. ज्यू असल्यामुळे 1938 मध्ये कुटुंबासह देश सोडून ते न्यूयॉर्कला आले, कारखान्यात काम करता करता टपालाने रेडिओ दुरुस्तीचा अभ्यासक्रम पुरा केला आणि रेडिओ दुरुस्त करून पोट भरू लागले. पुढे ते संरक्षण खात्यासाठी उपकरणं बनवणाऱ्या सँडर्स असोसिएट्समध्ये अभियंता झाले. 1966 च्या ऑगस्टअखेर न्यूयॉर्कच्या बस स्थानकाबाहेर सहकाऱ्याची वाट पाहताना त्यांनी टीव्हीवर खेळता येतील अशा खेळांची टिपणं केली आणि दुसऱ्या दिवशी चार पानी आराखडा लिहून काढला. कंपनीने त्यासाठी 2,500 डॉलर दिले.

या कामात बिल हॅरिसन आणि बिल रश यांचाही हात होता. हॅरिसन यांनी सर्किटं प्रत्यक्ष जुळवली. रश यांनी यंत्राने स्वतः हलवायचा तिसरा ठिपका सुचवला, म्हणजे चेंडू आला तो त्यांच्यामुळे. एकट्या बेअर यांना जनक म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. तिघांच्या खटपटीतून 1968 पर्यंत ओडिसीचा मूळ नमुना, ‘ब्राउन बॉक्स’, तयार झाला. खोक्याला लाकडासारखा दिसणारा चिकट कागद लावला होता, त्यावरून हे नाव पडलं.

बेअर यांनी आराखडे, वह्या, टिपणं जपून ठेवली, म्हातारपणी स्वतःच्या हातांनी ब्राउन बॉक्सच्या प्रतिकृती बनवल्या आणि मूळ यंत्रं व कागदपत्रं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिली. त्यांच्या घरच्या तळघरातली कार्यशाळाही आता तिथेच मांडली आहे. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलामुलींनी ओडिसीचं सर्किट अभ्यासाला घ्यावं. सोल्डरिंग येत असेल आणि चिकाटी असेल, तर पडद्यावरचा तो ठिपका आपल्या हातांनी हलवून बघावा.