घड्याळात आपलीही वेळ असू द्या

मैत्रिणींनो, घरातल्या प्रत्येकाची वेळ तुम्हांला तोंडपाठ असते. नळाला पाणी कधी येतं, मुलांची रिक्षा किती वाजता दाराशी उभी राहते, ह्यांचा डबा कितीला तयार हवा, सासूबाईंची रक्तदाबाची गोळी केव्हाची, हे सारं झोपेतून उठवून विचारलं तरी तुम्ही सांगाल. आता एकच सांगा, तुमची स्वतःची जेवणाची वेळ कोणती? इथं मात्र आपण अडखळतो. "सगळ्यांचं आटोपलं की!" हेच बहुतेकींचं उत्तर.

ही नुसती कुरकुर नव्हे बरं का! केंद्र सरकारनं २०१९ साली लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास जातात असं दिसलं. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची मात्र ९७ मिनिटं. तेव्हा आपली वेळ आपण ठरवली नाही, तर ती उरत नाही, हे उघड आहे.

दिनचर्येचं महत्त्व आपल्याकडे जुनंच आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दुसऱ्या अध्यायाचं नावच 'दिनचर्या'. आधुनिक शास्त्रानंही शरीरातलं घड्याळ शोधून काढलं आहे. ते पेशींमध्ये कसं चालतं, हे उलगडणाऱ्या हॉल, रोसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. मुख्य घड्याळ मेंदूत असतं आणि ते उजेडावर लागतं. झोप, भूक, शरीराचं तापमान हे सारं त्याच्या तालावर चालतं. आज पाचला उठणं, रविवारी नऊला. आज एकला जेवण, उद्या साडेतीनला, असं झालं की हा ताल बिघडतो. मग झोप नीट लागत नाही, पोट कुरकुरतं आणि चिडचिड होते ती वेगळीच.

तुम्ही म्हणाल, "आधीच हात रिकामा नाही, त्यात हे नवं वेळापत्रक कुठं?" पण सगळा दिवस आखायचा नाहीच मुळी. चार खुंट्या पक्क्या ठोकायच्या, बाकीची कामं त्यांच्या आजूबाजूला टांगायची.

पहिली खुंटी उठण्याची. सुट्टीच्या दिवशीही वेळ फार बदलू नका. उठल्यावर दहा मिनिटं गच्चीत, अंगणात किंवा खिडकीशी उजेडात उभ्या राहा. थायरॉइडची गोळी असेल तर ती उपाशीपोटी, रोज एकाच वेळी घ्या आणि चहा निदान अर्ध्या तासानं.

दुसरी जेवणाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं. तेव्हा उरलंसुरलं, उभ्या उभ्या खाणं पुरे झालं. ताटात पालेभाजी, उसळ असू द्या, वर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका. चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं.

तिसरी चालण्याची. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा चाललात तरी चालेल.

चौथी झोपेची. निदान सात तास झोप हवीच. ओटा आवरला की मोबाइलही आवरून ठेवा, उशाशी नको.

चारही खुंट्या एकदम ठोकू नका. एक अंगवळणी पडली की दुसरी. आणि महत्त्वाचं म्हणजे ठरवलेली वेळ घरात सांगा. मनातल्या मनात ठरवलेली वेळ कुणीही मोडतं. "आई, एक वाजता मी पान घेते, तुम्हीही बसा ना!" असं म्हटलं तर सासूबाईंनाही सोबत होते. "अहो, रात्रीचा ओटा आजपासून तुमच्याकडे," हे हसत सांगता येतं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. वर्गात वेळापत्रक लावलं की मुलं "बाई, आता कोणता तास?" विचारायची थांबतात. घरातही तसंच. एक कागद फ्रिजवर चिकटवा आणि त्यात स्वतःच्या नावाची ओळ विसरू नका.

पाहुणे येतील, सणवार येतील, कुणी आजारी पडेल. दोन दिवस घडी विस्कटली तर विस्कटू दे, तिसऱ्या दिवशी पुन्हा बसवा. मात्र सगळं नीट पाळूनही आठवडेच्या आठवडे थकवा जात नसेल, झोप येत नसेल, मन उदास राहत असेल, तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

उद्यापासून सुरुवात जेवणापासूनच करा. दुपारी ठरल्या वेळी पान वाढून घ्या आणि गरम पोळी खाली बसून खा.