मामू, आज काय टाकू?

मिरजेत माझ्या आपाचं सासर आहे. दर्ग्यापासून चालत पाच मिनिटांवर, तंतुवाद्यांच्या दुकानांच्या गल्लीत. दुल्हेभाई आणि त्यांचा मुलगा मिळून तानपुरे नि सतारी करतात. खाली दुकान, मागे कारखाना, वर घर. कारखाना म्हणजे तरी काय, दोन खोल्या, हाताखाली एक कारागीर आणि छताला टांगलेले भोपळे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका संध्याकाळी भाचा माझ्याकडे आला, मोबाइल पुढे धरला आणि म्हणाला, "मामू, आज काय टाकू?"

काय टाकायचं, ते मला कळायला वेळ लागला. आमच्या वेळी लोक पत्र टाकायचे, फार तर चहात साखर. त्याने समजावून सांगितलं. दुकानाचा व्हॉट्सॲप नंबर आहे. त्यावर तीनशेच्या आसपास माणसं आहेत. जुनी गिऱ्हाइकं, गाण्याचे मास्तर, क्लास चालवणाऱ्या बाई. त्यांना रोज काहीतरी नवं दाखवायचं, नाहीतर ती विसरतात, असं त्याला कुठल्याशा शिबिरात सांगितलं होतं. आणि त्याच्याजवळचं सगळं संपलं होतं. "सगळ्या तानपुऱ्यांचे फोटो टाकून झाले. सणांच्या शुभेच्छा झाल्या. दहा टक्के सूटही टाकली. आता काय?"

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आदल्या दिवाळीपासून मोजून अकरा नवे तानपुरे गेले होते. बाकी घर दुरुस्तीवर चाललं होतं. पुण्यात एका मोठ्या दुकानात पगाराची नोकरी त्याच्यासाठी तयार होती. त्याने बापाकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. तेवढ्यात जमलं तर ठीक, नाहीतर कानस खाली ठेवायची आणि पुण्याची गाडी धरायची. एकुलता एक मुलगा. तो गेला तर दुल्हेभाईंच्या मागे त्या घरात जवारी काढणारा कुणी उरणार नव्हता.

मी बी.ए.ला मराठी घेतलेला आणि कविता लिहिणारा माणूस. त्यामुळे सुचण्याचं खातं माझ्याकडे, असा घरात समज आहे. मीही तो कधी मोडला नाही. त्याच रात्री सुरांवर, चांदण्यावर, विरहावर दहा ओळी लिहून दिल्या. रोज एक याप्रमाणे दहा दिवस त्या गेल्या. दहा दिवसांत उत्तर आलं ते एकच. कोल्हापूरच्या एका बाईंनी विचारलं होतं, "ओळ छान आहे. पण बायकी तानपुरा पावसाळ्यात एसटीतून आणला तर चालेल का?"

मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. पण रात्री पडल्या पडल्या वाटलं, माझ्या दहा ओळींपेक्षा बाईंच्या एका वाक्यात जास्त माल आहे. हा प्रश्न दुल्हेभाईंना लोक चाळीस वर्षं विचारत आले आहेत. उत्तर त्यांना तोंडपाठ आहे. तारा थोड्या उतरवून ठेवायच्या, भोपळ्याला जाड गोधडी गुंडाळायची, वाद्य सामानाच्या फळीवर नाही तर मांडीशी उभं धरायचं, आणि घरी पोचल्यावर लगेच जुळवायला बसायचं नाही, त्याला नव्या हवेत थोडं बसू द्यायचं. रोज तेच सांगायचं, म्हणून त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नव्हतं. आणि भाचा तिथेच शेजारी बसून नवं काय टाकावं, याची चिंता करत होता.

दुसऱ्या दिवशी मी मिरजेला गेलो. भाच्याला म्हटलं, फोन खिशात ठेव आणि एक शंभर पानी वही आण. आठ दिवस आपण काही टाकायचं नाही. दुकानात येणारा, फोन करणारा जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. आपले शब्द घालायचे नाहीत. ही अट महत्त्वाची होती. "ग्राहकाने देखभालीविषयी चौकशी केली" असं लिहिलं की वही मेली. "तार काळी पडलीय, चिंच लावू का?" असं लिहिलं तर तिच्यात जीव राहतो. कविता लिहिताना मी हेच करतो, किंवा करायला हवं असं मला वाटतं. गेली काही वर्षं मी तसं करत नव्हतो, हेही त्या आठ दिवसांत कळलं. पण ते असो.

आठ दिवसांत वहीत साठच्या वर प्रश्न आले. तारा किती दिवसांनी बदलायच्या? मर्दानी आणि बायकी तानपुऱ्यात फरक काय? खुंटी घसरते, खडू लावू का? आजोबांचा तानपुरा माळ्यावर आहे, तो वाजेल का? एका शाळकरी मुलाने छताकडे बघून विचारलं, "हे भोपळे तुम्ही खात नाही का?" आम्ही हसलो, पण त्या एका प्रश्नावर पुढे चार दिवस निघाले. भोपळा कडू असतो. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या शेतांतून येतो. वेलीवर पूर्ण जून व्हावा लागतो आणि मग महिनोन् महिने वाळवावा लागतो. कापायच्या आधी पाण्यात भिजवायचा, आतला गर आणि बिया खरवडायच्या, आकार राहावा म्हणून आत काड्यांचा टेकू द्यायचा. शेतातला भोपळा, पाण्यातला भोपळा, काड्या लावलेला भोपळा, असे फोटो गेले. तीनशे माणसांतल्या कितीतरी जणांनी तानपुरा आयुष्यभर मांडीवर घेतला होता, पण त्याचा भोपळा आतून पाहिला नव्हता.

सगळ्यात अडचणीचा प्रश्न वहीत तीनदा आला होता. "फोनमध्ये तानपुरा फुकट वाजतो, मग हा कशाला घ्यायचा?" इलेक्ट्रॉनिक तानपुरा 1980च्या दशकापासून घरोघरी गेला आणि पुढे तो फोनमध्ये येऊन बसला. भाचा म्हणाला, हा प्रश्न वगळूया. मी म्हटलं, याच्यापासूनच सुरुवात कर. ज्याची आपल्याला भीती वाटते, ते गिऱ्हाइकाच्या मनात असतंच. त्यावर आपण गप्प बसलो म्हणून ते जात नाही.

मग बापलेकांनी बसून उत्तर तयार केलं. तानपुऱ्याला चार तारा. एक पंचमाची, किंवा रागाप्रमाणे मध्यमाची, मधल्या दोन षड्जाच्या जोडीच्या आणि शेवटची खर्जाची. गंधाराची तार नाहीच. तरीही वाद्य नीट जुळलं असेल तर शांत खोलीत गंधार ऐकू येतो. कारण तार नुसती अखंड हलत नाही. ती त्याच वेळी अर्ध्यात, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भागातही हलत असते. खर्जाच्या तारेतला हा पाचव्या भागाचा सूर म्हणजे गंधार. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्जाचं हे भरलेपण येत नाही. शिवाय तानपुरा रोज उतरतो, तो रोज जुळवावा लागतो, आणि जुळवता जुळवता कान तयार होतो. एवढं सांगून भाच्याने शेवटी लिहिलं, "प्रवासात फोन वापरा, सोय होते. घरी रियाजाला हा बरा." हे वाक्य काढून टाक, असं हाताखालचा कारागीर म्हणत होता. मी ठेवायला लावलं. त्या दिवशी दुकानाचा फोन बराच वेळ वाजत होता. त्या वाक्याबद्दलच दोघा मास्तरांनी मुद्दाम कळवलं की हा माणूस खरं बोलतो.

खरा वाद झाला तो जवारीवरून. जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याला कानशीने दिलेला हलका उतार. तार त्या उताराला पुसटशी घासत राहते, म्हणून तानपुरा झंकारतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवत नेमकी जागा शोधायची. वाजून वाजून घोडीवर खाचा पडल्या की जवारी बंद होते, मग पुन्हा काढायची. भाच्याने ठरवलं की बापाचे हात काम करताना दाखवायचे. दोरा घालण्यापूर्वीचा आवाज, नंतरचा आवाज. दुल्हेभाई भडकले. "चार पिढ्यांचं हुन्नर चव्हाट्यावर मांडणार? उद्या कुणीही बघून करेल."

त्यांचं म्हणणं मी उडवून लावू शकत नव्हतो. मिरजेतला हा धंदाच मुळी हातातल्या हुन्नरावर उभा राहिलेला आहे. ही घराणी शिकलगारांची. तलवारी, भाले यांना धार लावणं, पाणी देणं हे त्यांचं काम. ते दिवस संपत आले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तेच हात वाद्यांकडे वळवले. पुढे गाणारे मिरजेत येत गेले, अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, त्यांना दर्ग्याच्या आवारातच दफन केलं, आणि कारागिरांना आपल्या कामाचे पारखी दारातच मिळाले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एवढं सगळं ज्या हातांवर, ते हात मोबाइलसमोर कसे धरायचे?

दोन दिवस बापलेकांत बोलणं नव्हतं. आपा मध्ये पडली नाही, तिने फक्त दोघांची ताटं एकाच वेळी वाढली. तिसऱ्या दिवशी दुल्हेभाईंनी मुलाला हाक मारली, एक जुनी घोडी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "काढ." भाचा दहा वर्षं हे काम करतोय. तासभर कानस चालवून त्याने तार छेडली. दुल्हेभाईंनी मान हलवली, घोडी घेतली, चार-पाच वेळा कानस फिरवली, आणि सूर खोलीभर झाला. मग म्हणाले, "दहा वर्षं शेजारी बसून तुला अजून पुरती येत नाही. ते फोनवाले बघून काय करणार? काढ फोटो." मात्र सरस कसा शिजवायचा आणि पॉलिशमध्ये काय पडतं, ते सांगायचं नाही, असं त्यांनी बजावलं. ते आजवर सांगितलेलं नाही.

हे काही आपणच शोधून काढलं, असा आव आम्ही आणला नाही. फ्रान्समध्ये मिशेलिन या टायर कंपनीने 1900 साली मोटारवाल्यांसाठी एक पुस्तिका काढली. तिच्यात टायर कसा बदलावा हे होतंच, पण वाटेत कुठे उतरावं हेही होतं. आणि तेवढ्या लांब कशाला जायचं? मिरजेहून पुण्याच्या गाडीत बसलं की वाटेत किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली तिथल्या माळरानावर कारखाना आणला, लोखंडी नांगर केले. 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची खबर देता देता ते मराठी घरांचं मासिक झालं, आणि त्यांच्याच हातून 1930 साली 'स्त्री' आणि 1934 साली 'मनोहर' निघालं. नावातला 'खबर' हा शब्द पुढे गळाला. मला त्याचं थोडं वाईट वाटतं, कारण आपला अस्सल मराठी 'बखर' हा शब्दही या खबरीवरूनच आला, असं काही जाणकार मानतात.

रोज टाकायचं हे मी भाच्याकडून सोडवलं. आठवड्यातून दोनदा पुरे. प्रश्न संपले असं वाटलं की वर्षाकडे बघायचं. पावसाळ्यात तारा गंजतात, गुरुपौर्णिमेआधी क्लासवाले दुरुस्तीला येतात, दिवाळी पहाटेचे कार्यक्रम असतात, डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव असतो, दर्ग्याच्या उरुसात संगीतसभा होते. आणि चुका. एकदा बाहेरगावी पाठवलेल्या तानपुऱ्याचा भोपळा वाटेत तडकला. भाच्याने त्या तड्याचाच फोटो टाकला. आतून कापड आणि सरस लावून तो कसा सांधला ते दाखवलं आणि आमचंच बांधणं सैल होतं हेही लिहिलं. त्या आठवड्यात माळ्यावरचे तीन जुने तानपुरे दुरुस्तीला आले.

चमत्कार झाला नाही. अकराचे सतरा झाले. दुरुस्ती मात्र बरीच वाढली. पुण्याच्या दुकानाला भाच्याने तूर्त जमत नाही म्हणून कळवलं. 'तूर्त' हा शब्द त्याने मला विचारून घातला.

परवा गेलो तर दुसरी वही सुरू झाली होती आणि ती दुल्हेभाईंच्या हातात होती. चष्मा कपाळावर सरकवून ते एका पानाकडे बघत होते. "याचं उत्तर मला येत नाही," म्हणाले. साताऱ्याच्या एका मुलीने विचारलं होतं, "तुमच्या इथे बायका तानपुरा करतात का?"

भाचा म्हणाला, "नाही म्हणून लिहू?"

आतून आपाचा आवाज आला. "भोपळ्याच्या बिया तीस वर्षं कोण खरवडतंय? तारांत मणी कोण ओवतं? विचार तुझ्या अब्बांना."

दुल्हेभाई काही बोलले नाहीत. भाच्याने मोबाइल काढला. आपा दारात आली, मोबाइल पाहिला आणि पदर सारखा करत म्हणाली, "थांब जरा. हात धुऊन येते."